फ्रेंचच्या सौद्यात इंग्रजीची अडत

डाव्या रकान्यात रोजच्या वापरातले इंग्रजी वाक्य आणि उजव्या रकान्यात त्याचे फ्रेंच भाषांतर. फ्रेंच शिकू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याच्या हाती सहसा पडते ती अशी यादी. ‘आय अ‍ॅम हंग्री’ म्हणजे अमुक, ‘आय मिस यू’ म्हणजे तमुक. उजवा रकाना हाताने झाकायचा, पाठ झाले का ते पाहायचे आणि फ्रेंच येऊ लागली असे समजायचे. या यादीत मराठीला जागा नसते आणि तिथे ती नाही याचे कोणाला वावगेही वाटत नाही. यादीच्या पाठीशी एक पक्के मत उभे असते: फ्रेंचचा रस्ता इंग्रजीतूनच जातो.

हे मत त्याच्या पुरस्कर्त्यांच्याच थाटात मांडले तर असे होते. इंग्रजी आणि फ्रेंच या युरोपातल्या शेजारणी, त्यांचे हजारो शब्द सारखे, म्हणून ज्याची इंग्रजी पक्की त्याची निम्मी फ्रेंच झालेलीच. मराठी मात्र दूरची, निराळ्या घडणीची. तिच्यातून फ्रेंचकडे जाणे म्हणजे उमरखेडहून यवतमाळला जायला नांदेडची गाडी धरणे. त्यातून विद्यार्थी उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या गावचा असला तर त्याची मराठीही ‘शुद्ध’ नाही. ती वऱ्हाडी आणि मराठवाडी यांच्या सांध्यावरची. तेव्हा त्याने आधी बोली सोडून पुस्तकी मराठी धरावी, मग इंग्रजी पक्की करावी आणि आयुष्य उरलेच तर फ्रेंचचे नाव काढावे. सल्ल्याचा सूर काळजीचा असतो. अर्थ एवढाच, की ढाणकीच्या मुलाच्या गाठीला जे आहे ते फ्रेंचच्या कामाचे नाही.

या मताची किंमत करायला त्याच मुलाच्या घरातला शब्द उपयोगी पडतो. कापूस पिकवणाऱ्या मुलखात अडत्या कोण हे लहान पोरालाही ठाऊक असते. माल एकाचा, घेणारा दुसरा आणि मध्ये तिसरा. तिसऱ्याने घेतलेली अडत हिशेबाच्या पट्टीवर दिसते तरी. जास्त झोंबते ती वजनातून कापलेली कट्टी, कारण ती कापली गेली की माल आधी किती होता हेच कोणाला आठवत नाही. मराठी आणि फ्रेंच यांच्या मध्ये इंग्रजीला बसवले की वाक्यावाक्यातून अशी कट्टी जाते. ती कुठे आणि किती जाते हे नेहमीची वाक्ये एकेक करून तपासली की दिसते.

पहिले वाक्य ‘आय मिस यू’. इंग्रजीत आठवण काढणारा हा कर्ता आणि ज्याची आठवण येते ते कर्म. फ्रेंचमध्ये हेच ‘त्यू म माँक’ असे होते. इथे कर्ता ‘त्यू’ म्हणजे तू, ‘म’ म्हणजे मला, आणि क्रियापद चालते ते ‘तू’च्या मागे. इंग्रजी वळणाचा विद्यार्थी ‘मी’ला कर्ता करतो आणि ‘झ त माँक’ लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ ‘तुला माझी आठवण येते’. स्वतःचा विरह कळवायला बसलेल्याने समोरच्यालाच त्याच्या विरहाची बातमी दिली! मग वर्गात सांगितले जाते की फ्रेंच लोक उलटे बोलतात, एवढे वाक्य पाठच करा. उलटे म्हणजे कोणाच्या मानाने उलटे? मराठी माणूस ‘तू मला आठवतोस’ म्हणतो. कर्ता तू, ‘मला’ चतुर्थीत, क्रियापद ‘तू’प्रमाणे. फ्रेंच वाक्य जसेच्या तसे याच घडणीचे आहे. दोन सुलट वाक्यांच्या मध्ये एक उलटे वाक्य ठेवायचे, मराठीला उलटे करून त्यात कोंबायचे, पुन्हा उलटे करून फ्रेंचमध्ये काढायचे आणि या कसरतीला सोपा मार्ग म्हणायचे, हा कुठला हिशेब?

हे एखादे अपवादाचे वाक्य असते तर सोडून देता आले असते. तसे नाही. ‘आय लाइक इट’चे फ्रेंच ‘सा म प्ले’, म्हणजे ‘ते मला आवडते’. ‘इल म साँब्ल’ म्हणजे ‘मला वाटते’. ‘इल म फो द्यू ताँ’ म्हणजे ‘मला वेळ पाहिजे’. ‘सा म स्युफी’ म्हणजे ‘मला तेवढे पुरते’. आवडणे, वाटणे, पाहिजे असणे, पुरणे अशा रोज लागणाऱ्या क्रिया फ्रेंचमध्ये ‘मला’ने बोलता येतात आणि मराठीत ‘मला’शिवाय बोलताच येत नाहीत. वऱ्हाडीत ‘मला’चे ‘मले’ होते, घडण तीच राहते. ज्या मुलीच्या तोंडी ‘मले आवडते, मले वाटते, मले पाह्यजे’ ही वाक्ये दिवसातून शंभरदा येतात, तिला आधी ‘आय लाइक, आय थिंक, आय वाँट’ शिकवून ते ‘मले’ पुसून टाकायचे आणि दोन वर्षांनी फ्रेंचच्या वर्गात तेच अवघड प्रकरण म्हणून परत द्यायचे. कट्टी म्हणतात ती हीच.

भुकेच्या बाबतीत तिन्ही भाषा तीन वाटांनी जातात. इंग्रजीत माणूस भुकेला ‘असतो’, मराठीत त्याला भूक ‘लागते’, फ्रेंचमध्ये त्याच्यापाशी भूक असते: ‘जे फँ’. इथे मराठीचा फार फायदा नाही, हे खुशाल मान्य करावे. पण नुकसान कोणाचे जास्त? मराठीत आणि फ्रेंचमध्ये भूक हे नाम आहे, इंग्रजी वाक्यात ते विशेषण झालेले आहे. म्हणून इंग्रजीवरून उतरणारा ‘मी भूक आहे’ अशा थाटाचे फ्रेंच करतो आणि वयाच्या वाक्यात ‘मी वीस आहे’ म्हणतो. पोटभर जेवल्यावरची फजिती याहून मोठी आहे. ‘आय अ‍ॅम फुल’चे शब्दशः फ्रेंच करून एखादी मुलगी ‘झ स्वी प्लेन’ म्हणाली तर यजमानीण दचकेल, कारण हा शब्द गाई-म्हशींना लावला की अर्थ होतो गाभण. मराठी मुलगी जेवल्यावर ‘मी भरले’ म्हणते का? ती ‘पोट भरलं’ म्हणते, ‘बस झालं’ म्हणते. फ्रेंच पाहुणाही ‘छान जेवलो’ किंवा ‘आता भूक नाही’ एवढेच म्हणतो. मनातले मराठी वाक्य धरून ती फ्रेंचकडे गेली असती तर वाटेत गोठा लागलाच नसता.

दुसरी कट्टी ‘यू’ची. इंग्रजी ‘हाउ आर यू’ समोर यादीत फ्रेंच वाक्ये दोन असतात, एक ‘त्यू’चे आणि एक ‘व्हू’चे, आणि खाली बारीक अक्षरात टीप: पहिले जवळच्यांसाठी, दुसरे आदरार्थी आणि अनेकवचनी. इंग्रजी घरात वाढलेल्याला ही टीप लागते. मराठी मुलाला कशाला? तू आणि तुम्ही यांतला फरक तो चालायला लागल्यापासून जाणतो. ‘तुम्ही’ हे आदराचेही आणि अनेकांचेही, हेसुद्धा त्याला कोणी शिकवलेले नसते, आणि ‘व्हू’चे नेमके तेच आहे. फ्रेंचमध्ये या दोन वागण्यांना स्वतंत्र क्रियापदे आहेत, ‘त्युत्वाये’ आणि ‘व्हुव्हवाये’. ती समजावताना इंग्रजी पुस्तके अर्धे पान खर्चतात. मराठीत त्यांचे भाषांतर चार शब्दांत होते: अरे-तुरे करणे, अहो-जाहो करणे. कोणी ओळख नसताना अरे-तुरे केले तर काय वाटते हे ढाणकीच्या आठवडी बाजारातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे. पॅरिसच्या म्हाताऱ्याला तेच वाटते.

दोन्हीकडचे नियम तंतोतंत जुळतात असे नाही. आजच्या बहुतेक फ्रेंच घरांत वडिलांना ‘त्यू’ म्हणतात, मराठीतल्या अनेक घरांत वडील ‘तुम्ही’ असतात. फ्रेंच कॅथलिक प्रार्थनेत देवाला पूर्वी ‘व्हू’ म्हणत, १९६६ पासून ‘त्यू’ म्हणतात. मराठी भक्त विठ्ठलाला शतकानुशतके अरे-तुरे करत आला आहे. पण हे फरक मराठी माणसाला एका वाक्यात सांगता येतात, कारण फरक कशातला आहे ते त्याला आधीच ठाऊक असते. इंग्रजीतून जाणाऱ्याच्या हातातून ती जाणीवच काढून घेतलेली असते. यंत्रभाषांतरातही इंग्रजीला मध्यस्थ ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. त्या वाटेने ‘तू’ आधी ‘यू’ होतो, आणि पलीकडे तो ‘त्यू’ होऊन निघेल की ‘व्हू’ होऊन, हे नशिबावर. यंत्राची चूक हसण्यावारी नेता येते. माणसांना मुद्दाम त्याच वाटेने हाकायचे, याला काय म्हणावे?

तिसरी कट्टी लिंगाची. फ्रेंच नामाला दोन लिंगे असतात हे ऐकून इंग्रजी वळणाचा विद्यार्थी हबकतो: टेबल स्त्रीलिंगी कसे? मराठी मुलगा तीन लिंगे सांभाळून बसलेला असतो. त्याचा वाडा तो, वाडी ती आणि घर ते. निर्जीवाला लिंग असते याचे त्याला नवल नाही, फक्त कोणते ते लक्षात ठेवायचे. ‘आय अ‍ॅम हॅपी’ या वाक्यात बोलणारा पुरुष की बाई, इंग्रजीला पत्ता नसतो. फ्रेंचमध्ये पुरुष ‘काँताँ’ म्हणतो, बाई ‘काँताँत’. यादीच्या डाव्या रकान्यात एकच वाक्य असल्याने उजवीकडे बहुधा पुरुषाचे रूप छापले जाते आणि मुली तेच पाठ करतात. मराठी वाक्य डावीकडे असते तर ‘मी खूश झालो’ आणि ‘मी खूश झाले’ अशा दोन ओळी आपोआप झाल्या असत्या. वऱ्हाडात बाई ‘मी गेली’ म्हणते, आणि पुस्तकी मराठी त्यावरून तिची चूक काढते. फ्रेंचमध्ये लिहिताना अशा ‘गेली’ला स्त्रीलिंगाची खूण जोडली नाही तर चूक निघते. शहाणपण कुठे आहे?

भूतकाळात तर गंमतच आहे. फ्रेंच भूतकाळ दोन सहायक क्रियापदांनी होतो. बहुतेक क्रियापदे ‘आव्हवार’ घेतात. जाणे, येणे, पोचणे, निघणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे अशी थोडी ‘एत्र’ घेतात आणि कर्त्याप्रमाणे बदलतात. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही यादी घोकावी लागते, कारण ‘शी वेंट’ आणि ‘शी एट’ यांत त्याला काहीच वेगळे दिसत नाही. मराठीत ‘ती गेली’ आणि ‘तिने पोळी खाल्ली’. एकीकडे ‘ने’ नाही आणि क्रियापद कर्त्याच्या मागे आहे, दुसरीकडे ‘ने’ आहे आणि क्रियापद कर्माच्या मागे. घोकायच्या यादीतली वर दिलेली सगळी क्रियापदे मराठीत ‘ने’ न घेणारी आहेत. याच्या उलट म्हणता येत नाही. झोपणे, हसणे, धावणे, बोलणे मराठीत ‘ने’ घेत नाहीत तरी फ्रेंचमध्ये ‘आव्हवार’कडे जातात, एवढे वेगळे लक्षात ठेवावे लागते. आणि ज्या नियमावर फ्रेंच मुलेही अडखळतात तो हा: कर्म आधी आले तर ‘आव्हवार’च्या वाक्यातले धातुसाधितही कर्माप्रमाणे बदलते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ यात फ्रेंच ‘एक्री’ म्हणते, ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ यात ‘एक्रीत’. मराठी दोन्हीकडे चिठ्ठीचे लिंग पाळते, फ्रेंच फक्त दुसरीकडे. मराठी विद्यार्थ्याला इथे सवय थोडी आवरायची आहे. इंग्रजीतून आलेल्याला ती शून्यातून लावायची आहे.

प्रश्न विचारण्याचेही तसेच. ‘एस्क त्यू व्हियँ?’ यातला ‘एस्क’ वाक्याला नुसता जोडला की प्रश्न होतो, शब्दांची उलथापालथ करावी लागत नाही. मराठीत ‘तू येतोस’ला ‘का’ जोडले की झाले. फरक इतकाच की फ्रेंच खूण आधी येते, मराठी मागून. वाक्याच्या शेवटची ‘इजंट इट, डझंट ही, वोंट यू’ ही इंग्रजी शेपटे कर्ता आणि काळ बदलला की बदलतात. फ्रेंचमध्ये सगळ्यांना एकच ‘नेस पा?’ पुरते आणि मराठीत ‘नाही का?’ किंवा नुसता ‘ना?’. एकाच्या बदल्यात एक असा सरळ व्यवहार असताना मध्ये डझनभर शेपटे कोणाच्या भल्यासाठी शिकायची?

एका जागी वऱ्हाडी आणि इंग्रजी एका बाजूला आहेत. ‘काय करून राह्यला?’ म्हणणारा माणूस चालू क्रिया वेगळी दाखवतो, इंग्रजीही तसे करते, फ्रेंच मात्र साध्या वर्तमानकाळावर भागवते. तिथे वऱ्हाडी मुलाने ‘काय करतोस?’ ही दुसरी मराठी आठवावी. पण इंग्रजीची एवढी एक जमेची बाजू दाखवायला वऱ्हाडीचीच साक्ष काढावी लागते, हे त्या बाजूबद्दल पुरेसे बोलके आहे.

आता सारख्या शब्दांचा मुद्दा. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकले, पुढे काही शतके तिथल्या दरबारात फ्रेंच चालली आणि इंग्रजीत फ्रेंच शब्दांची भरताड झाली. हे खरे आहे. पण माहेरचा शब्द सासरी नऊशे वर्षे राहिल्यावर माहेरच्या अर्थाचा राहतो का? ‘लिब्रेरी’ म्हणजे वाचनालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ‘आसिस्ते आ’ म्हणजे मदत करणे नव्हे, हजर राहणे. ‘दमाँदे’त दरडावणी नाही, साधे विचारणे किंवा मागणे आहे. ‘आताँद्र’ म्हणजे वाट पाहणे. ‘कोलेज’मध्ये अकरा ते पंधरा वर्षांची मुले जातात. आणि ‘पासे’ हे क्रियापद परीक्षेला लावले की अर्थ होतो परीक्षा देणे. इंग्रजीच्या भरवशावर घरी पेढे वाटले जायचे आणि निकाल अजून लागलेलाच नसायचा! नकली नाणे खऱ्यासारखे दिसते म्हणूनच फसवते. मराठी शब्द फ्रेंच शब्दासारखा दिसत नाही, तेव्हा तो अशी फसवणूक तरी करत नाही.

मराठी फ्रेंचपासून दूर आहे म्हणणाऱ्यांनी मोजून पाहावे. दात आणि ‘दाँ’, नाव आणि ‘नाँ’, दोन आणि ‘द’, सात आणि ‘सेत’, नवा आणि ‘नुव्हो’, मरणे आणि ‘मुरीर’ हे एकाच मोठ्या कुळातले भाऊबंद आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे हे विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्यात सांगितले. लॅटिनची लेक फ्रेंच आणि संस्कृताच्या वंशातली मराठी. ऐंशीला फ्रेंचमध्ये ‘कात्र-व्हँ’ म्हणतात, म्हणजे चार वीस, आणि नव्वदला चार-वीस-दहा. इंग्रजी पुस्तकात हा विक्षिप्तपणा म्हणून नोंदलेला असतो. खेड्यातली जुनी माणसे ‘चार विसा’ मोजत, तेव्हा त्यांना कोणी विक्षिप्त म्हटले नाही. अडाणी म्हटले, एवढेच.

यादीचे सर्वांत मोठे पाप मात्र याहून वेगळे आहे. वाक्य कोण, कोणाला, कुठे आणि कशासाठी बोलते हे ती पुसून टाकते. एस.टी. स्टँडवरचा एक ‘एक्सक्यूज मी’ घ्यावा. गर्दीतून वाट काढताना ढाणकीचा माणूस ‘जरा सरकता का’ म्हणतो. फ्रेंच तिथे ‘पार्दाँ’ म्हणेल. अनोळखी माणसाला गाडीची वेळ विचारायची तर इथे ‘ओ भाऊ’. तिथे ‘एक्सक्युझे-म्वा, मस्य’. बोललेले ऐकू आले नाही तर इथे ‘काय म्हनलं?’, तिथे पुन्हा ‘पार्दाँ?’, पण स्वर चढवून. पायावर पाय पडला तर इथे ‘चुकलं’, तिथे ‘देझोले’. इंग्रजीने यांतल्या बऱ्याच प्रसंगांवर एकच शिक्का मारला म्हणून प्रसंग एक होतात का? कोणाच्या घरी मयत झाली तर इंग्रजीत ‘आय अ‍ॅम सॉरी’ म्हणतात. त्याचे भाषांतर ‘मला माफ करा’ असे करणाऱ्याला गावाने वेड्यात काढले असते. मराठीत ‘फार वाईट झालं’ म्हणतात, फ्रेंचमध्ये शोक कळवण्याचे निराळे ठरलेले शब्द आहेत. प्रसंग धरला की दोन्ही वाक्ये आपोआप सापडतात, इंग्रजी वाक्य धरले की दोन्ही हुकतात.

रीतिभातीतही हेच. फ्रान्समध्ये दुकानात शिरताना ‘बाँझूर’ न म्हणता थेट वस्तू मागणे उद्धटपणा समजतात. ढाणकीत दुकानदाराला राम राम, जय भीम, सलाम किंवा जय सेवालाल घातल्यावरच भावाची गोष्ट निघते. जेवायला बसलेल्याला फ्रेंच ‘बॉनापेती’ म्हणतात; इंग्रजीला त्यासाठी घरचा शब्द नाही, ती फ्रेंचकडूनच उसना घेते. मराठीत ‘सावकाश होऊ द्या’ कधीपासून आहे. आभाराला उत्तर म्हणून फ्रेंच ‘द रियँ’ म्हणतात, म्हणजे काहीच नाही. मराठीत ‘त्यात काय एवढं’. इंग्रजीवरून उतरलेले ‘तुमचे स्वागत आहे’ मात्र भाषांतरित पडद्यांवर झळकते आणि वाचणारा दाराकडे पाहतो. निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. फ्रेंच ‘ओ रव्हवार’मध्ये पुन्हा पाहण्याचीच भाषा आहे. आणि दारावर थाप पडली की फ्रेंच ‘झारीव्ह’ म्हणजे ‘पोचतो’ म्हणतो, मराठी त्याच्याही पुढे जाऊन न उठताच ‘आलो!’ म्हणतो.

शेजारणींच्या सख्याबद्दलही एक नोंद हवी. न सांगता सटकण्याला इंग्रज ‘फ्रेंच रजा’ म्हणतात आणि फ्रेंच त्यालाच ‘इंग्रजी पद्धतीने निसटणे’ म्हणतात. ज्यांचा एकमेकींवर एवढा विश्वास, त्यांतल्या एकीला दुसरीची अधिकृत दुभाषी नेमण्याची घाई मराठी माणसाने का करावी?

शेवटचा आणि एकमेव वजनदार आक्षेप अभ्याससाहित्याचा. फ्रेंच शिकण्याची पुस्तके इंग्रजीत आहेत, मराठीत फार नाहीत. हे कबूल. पण ही पुस्तकांची उणीव आहे, भाषेची नव्हे. विहीर खणली नाही म्हणून जमिनीत पाणी नाही असे कोणी म्हणत नाही. आणि ही वाट कोणी चाललेच नाही असेही नाही. थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज. १५७९ साली तो गोव्यात आला, मराठी ओव्यांत त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले, आणि कोकणीचे व्याकरण लिहिले ते पोर्तुगीजमध्ये, फ्रेंचच्या सख्ख्या बहिणीत. हे व्याकरण १६४० साली राशोलला छापले गेले. मातृभाषा इंग्रजी असलेल्या माणसालाही कोकणी आणि पोर्तुगीज यांच्या मध्ये इंग्रजी घालावीशी वाटली नाही. मराठीच्या जडणघडणीवरचा पायाभूत ग्रंथ झ्यूल ब्लोक यांनी फ्रेंचमध्ये लिहिला, तो १९२० साली पॅरिसला निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली थेट फ्रेंचमधून मराठीत आणला. इंग्रजी भाषांतर निघायला १९७० उजाडले. म्हणजे या ग्रंथासाठी इंग्रजीची वाट पाहिली असती तर मराठी वाचक आणखी एक पिढी ताटकळला असता. गी दलरी यांनी तुकारामाचे अभंग फ्रेंचमध्ये नेले, ते १९५६ साली पॅरिसच्या गालिमारने छापले. तेही मराठीवरून.

ही विद्वानांची कामे झाली, सामान्यांचे काय, असा प्रश्न येईल. त्याला उत्तर मॉरिशसमध्ये आहे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली मराठी माणसेही होती. बेटावर राज्य इंग्रजांचे होते, १८१० पासून. तरीही मजुरांनी उचलली ती फ्रेंचमधून घडलेली क्रिओल, मळ्यात, बाजारात, शेजाऱ्याच्या तोंडून. राज्यकर्त्यांची इंग्रजी आधी पक्की करा, मग क्रिओल बोला, असे त्यांना सांगायला कोणी नव्हते, हे त्यांचे भाग्य. त्यांचे वंशज आज क्रिओल आणि फ्रेंच सहज बोलतात आणि मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठीही शिकवली जाते.

ढाणकीला हे सांगण्यासाठी मॉरिशसपर्यंत जायचीही गरज नाही. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते, शाळेत मराठी शिकते, बाजारात दखनी ऐकते. दक्षिणेला पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा, आणि त्याच्या पुढे तेलुगूचा मुलूख. यातली कोणती भाषा त्याने इंग्रजीच्या याद्या पाठ करून शिकली? तीन-चार भाषांत प्रसंग पाहून वाक्य बदलणाऱ्या या मुलालाच ‘तुझा भाषेचा पाया कच्चा’ असे सांगितले जाते, आणि सांगणारा बहुधा दीड भाषा बोलणारा असतो. परीक्षेची भीती घालायचीही सोय नाही. फ्रेंच सरकारच्या ‘डेल्फ’ परीक्षेची प्रश्नपत्रिका पहिल्या पायरीपासून फ्रेंचमध्येच असते. तिच्यात इंग्रजीचे एक वाक्यही भाषांतराला येत नाही.

इंग्रजी शिकावी. ती इंग्रजी म्हणून शिकावी, तिच्या कामासाठी, तिच्या पुस्तकांसाठी. फ्रेंचच्या दारातली तिची गादी मात्र उठवावी. तिथे ती बसली की ‘मला’ जातो, तू-तुम्ही जातात, लिंग जाते, ‘का’ जातो, प्रसंग जातो. विद्यार्थी हे सगळे घेऊन आलेला असतो आणि रिकामा होऊन आत शिरतो. यादी करायचीच तर तिच्या डाव्या रकान्यात प्रसंग लिहावा आणि त्या प्रसंगात ढाणकीचा माणूस जे बोलतो ते, त्याच्याच बोलीत, ‘मले’सकट. उजव्या रकान्यात त्याच प्रसंगातले फ्रेंच. इंग्रजीसाठी हवा असेल तर तिसरा रकाना काढावा. मधला नाही.